ताऱ्यावरचे ‘जातो’ म्हणतात

वालाला फुलं आली की मला संशय यायला लागतो.

कशाचा, ते लगेच विचारू नका. पोलादपुरात आता वाल पेरणारे थोडेच राहिलेत, पण आमच्या घरामागच्या खाचरात अजून पेरतात. भात कापून झालं की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल टाकायचा, बाकी सगळं दवाच्या भरवशावर. पौष सरता सरता वेलांना पांढरी-जांभळी फुलं येतात आणि सकाळी भिजलेल्या पाल्याचा तो उग्र हिरवा वास थेट माझ्या अंथरुणापर्यंत येतो. मी उठते, गुडघे धरत पुढच्या दारापर्यंत जाते आणि बाहेर बघून येते. कोणी नसतं. मग चहा टाकते.

माझी नात पुण्याला असते. ती परग्रहावरच्या मालिका बघते. बघते म्हणजे काय, त्यातच राहते. नवा भाग आला की मला फोन. ‘आजी, ऐक ना, काल कळलं की त्यांचा कॅप्टन खरा नाहीच! कधीचा बदललाय, कुणाला पत्ताच नाही!’ परवा मी तिला विचारलं, ‘खोलीतून बाहेर पडताना तो काय म्हणाला?’ ती म्हणाली, ‘काय म्हणणार? बाय म्हणाला.’ ‘मग कसं कळणार तुम्हाला, डोंबल!’ मी म्हटलं. तिला वाटतं, आजीचं आता वय झालं.

वय झालंच आहे. पण हे वयाचं नाही. मी मुळातच संशयी. दुधात पाणी, मापात पाप आणि पाहुण्याच्या गोड बोलण्यात काम असतं, हे मी शाळेत जायच्या आधी शिकले. महाडला माहेरी माझी आई म्हणायची, ‘ही देवळात गेली तर देवाला विचारील, तू खरा कशावरून?’ आई चेष्टेनं म्हणायची. मी खरंच विचारलं असतं.

तो सबंध हिवाळा मला पाठ आहे. साठ सालच्या पुढची गोष्ट. मी पोलादपूरच्या मराठी शाळेत बाई होते. आमचे हे मुंबईला गोदीत कारकून. एका खोलीत गावाकडचे पुष्कळजण दाटीवाटीनं राहायचे, त्यांतले हे एक. तिथे बिऱ्हाड थाटायची सोय नव्हती आणि मला माझी नोकरी सोडायची नव्हती. म्हणून मी आणि माझी लहानगी कुंदा इकडे, हे तिकडे. मी गंगाकाकीच्या घरात एक खोली भाड्यानं घेतली होती. काकीचा नवराही मुंबईलाच, गिरणीत. तो शिमग्याला आणि गणपतीला यायचा. त्यात काकीला काही वावगं वाटत नसे. तिच्या ओळखीतल्या साऱ्याच बायकांचे नवरे शिमग्याला आणि गणपतीला यायचे.

त्या वर्षी भातकापणी आटोपली आणि ग्रामपंचायतीत रेडिओ आला. लाकडी पेटीतला, बॅटरीवर चालणारा. पेटीला कुलूप, आणि किल्ली तात्यांच्या करगोट्याला. तात्या पंचायतीचं सगळं बघायचे आणि रेडिओ आल्यापासून रेडिओशिवाय काहीच बघेनासे झाले. बॅटरी उतरली की एस.टी.त घालून महाडला भरायला न्यायची आणि ती परत येईपर्यंत गावात सुतक पाळल्यासारखं वाटायचं. बाजारभाव, कीर्तनं, शेतकऱ्यांसाठी काहीबाही, सगळं लोक ऐकायचे. पण गुरुवारी दिवेलागणीनंतर ती मालिका लागायची, तेव्हा पंचायतीच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नसायची. तिचं खरं नाव काहीतरी भारदस्त संस्कृत होतं. गावात तिला ‘ताऱ्यावरचं’ म्हणत.

गोष्ट अशी होती. दूरच्या एका ताऱ्याजवळचं जग गारठून चाललेलं. तिथले लोक राहायला जागा शोधत आपल्याकडे येतात आणि एका तालुक्याच्या गावी उतरतात. आपलं ध्यान कुणाला दिसू नये म्हणून ते गावातल्याच माणसांची रूपं घेतात. दर आठवड्याला एक माणूस बदलायचा. आधी पोस्टमास्तर, मग डॉक्टर, मग मामलेदार. आवाज तोच, चालणं तेच, घरचं सगळं ठाऊक. ओळखायचा कसा? हे कोडं सोडवायला एक तरुण शास्त्रज्ञ होता. त्याचा आवाज कायम सर्दी झाल्यासारखा. मला तोही संशयितच वाटायचा.

आणि गंमत अशी की खोटी माणसं खऱ्यांपेक्षा चांगली निघायची. पोस्टमास्तर बदलला आणि पत्रं वेळेवर यायला लागली. डॉक्टर बदलला आणि गरिबांवर ओरडायचा थांबला. ओट्यावरचे लोक खूश. ‘आपल्याकडंबी एखादा धाडा रे, मामलेदार कचेरीत!’ असं कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. मी हसले नाही. मी बाकावर पुढे सरकून बसले होते. विनाकारण गोड झालेल्या माणसावर माझा कधीच भरवसा नव्हता आणि ही गोष्ट लिहिणाराही माझ्यासारखाच कुणी असावा असं मला वाटलं.

शुक्रवारी सकाळी शाळेच्या वाटेवर तात्या मला गाठायचे. ‘बाई, कालच्याला काय वाटलं?’ मग आमची जुंपायची. तात्यांचं म्हणणं, ताऱ्यावरच्यांच्या पापण्या लवत नसणार. मी म्हणायची, ‘तात्या, रेडिओवर पापण्या कुठनं दिसणार?’ ते म्हणायचे, ‘म्हणून तर सापडत नाय!’ गंगाकाकीचं मत निराळं. ती म्हणायची, त्यांना भूक लागत नसणार. ‘ताटावर बसल्यावर माणूस कळतो, बाई. ज्याला आमटी खारट झालेली कळत नाय, तो माणूसच नाय.’

मला खूण सापडली ती एका गुरुवारी अचानक. खोटा डॉक्टर एका म्हातारीला तपासून तिच्या घरातून निघतो. पावलांचा आवाज, दार वाजतं, आणि तो म्हणतो, ‘बरं आजी, जातो मी.’

मी बाकावरून उठलेच. ‘सापडला! जातो म्हणाला!’

खरंच की नाही सांगा. घरातून निघताना आपल्यात कोण ‘जातो’ म्हणतं? येतो म्हणायचं. पोरगं चुकून ‘जातो’ म्हणालं तर घरातली म्हातारी मागून हाक मारते, ‘जातो नाय रे, येतो म्हण!’ आणि ते उंबऱ्यात मागं फिरून येतो म्हणतं, मगच बाहेर पडतं. जातात ती मेलेली माणसं. जित्या माणसानं येतो म्हणून जायचं. हे व्याकरणाच्या पुस्तकात नसतं, म्हणून ताऱ्यावरच्यांना ते कळलं नाही. ते भाषा शिकले, रीत शिकायची राहिली.

ओट्यावर गलका झाला. तात्या म्हणाले, ‘आवो बाई, लिवनाऱ्याची चूक असंल ती. मुंबयवाल्यांना कुठं काय कळतंय!’ मी म्हटलं, पुढच्या गुरुवारी बघा, शास्त्रज्ञ हेच पकडतो की नाही. पुढच्या गुरुवारी शास्त्रज्ञानं काय पकडलं? लोहचुंबक! म्हणे त्यांच्या अंगाला लोहचुंबक चिकटतं. इतका राग आला मला. एवढी सोन्यासारखी खूण हाताशी असताना हा चुंबक घेऊन फिरतोय. मी त्या शास्त्रज्ञाला मनातून काढूनच टाकला. गावानं मात्र माझी खूण धरली. चुंबक होता कुणाकडे?

त्याच सुमाराला रस्त्याची मोजणी करायला कुणी एक साहेब आला. आंबेनळी घाटाच्या तोंडाशी तीन पायांवर दुर्बीण उभी करून तो एक डोळा मिटून बघत बसायचा. गुरं वळणाऱ्या बायका लांबून वळसा घालून जायला लागल्या. त्यातच कुडपणचे लोक बाजाराला खाली उतरले, ते सांगत आले की वरच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या पठारावर, संध्याकाळी उजेड हलताना दिसतो. हरवलेली म्हैस शोधणाऱ्यांचे पलिते असतील, दुसरं काय! पण त्या हिवाळ्यात साधं कारण कुणालाच नको होतं. तात्यांनी त्या साहेबाला पंचायतीत बोलावून चहा पाजला आणि सगळे श्वास रोखून तो उठायची वाट बघत बसले. साहेब उठला, टोपी घातली आणि म्हणाला, ‘अच्छा, जातो आम्ही.’ तात्यांच्या हातातली बशी तशीच राहिली. तो बिचारा लांबचा, कानडी मुलखातला होता, हे मागाहून कळलं. पण पुढे त्याला गावात कुणी धड पाणी दिलं नाही आणि त्यानं आपला तंबू महाडच्या बाजूला हलवला. मलाही तेव्हा बरं वाटलं होतं. खूण लागू पडते म्हणून.

आणि मग आमचे हे आले.

खरं म्हणजे कार्तिकात आले होते तेव्हाच मला खटकलं होतं. ह्यांचा स्वभाव तसा तिखट. चहा निवला की कपाळाला आठी. कुंदानं पेन्सिल हरवली की तिला पाढे म्हणायला बसवायचे. माझ्याशी वाद घालायला तर ह्यांना कारणही लागत नसे, मलाही नसे. पण कार्तिकात आले ते मवाळ होऊन. आमटी खारट झाली होती. मलाच कळत होतं. हे म्हणाले, ‘छान झालीय.’ मी काकीकडे बघितलं, काकीनं माझ्याकडे. काकी पदर तोंडाला लावून आत गेली.

वाल फुलल्यावर आले तेव्हा तर कहरच. माझ्यासाठी लुगडं आणलं, काही सण नसताना. कुंदाला खाऊ आणला, पण तो तिच्या हातात न देता कट्ट्यावर ठेवला. ती धावत पाय धरायला गेली तर हे दोन पावलं मागे सरले. ‘नको गं, अंगाला मुंबईची धूळ आहे.’ आंघोळ झाल्यावरही घेतलं नाही. पूर्वी खांद्यावरून उतरवत नसत तिला. अंथरूण पडवीत टाकून घेतलं. आत उकडतं म्हणाले. माघातल्या थंडीत, आंबेनळीवरून वारा खाली येतो तेव्हा, उकडतं! आपली कपबशी आपण विसळायची, वेगळी ठेवायची. गळ्याभोवती मफलर, हातात रुमाल. बोलताना तोंड जरा बाजूला. माझ्या नजरेला नजर देईनात.

माझ्या डोक्यात चक्रं सुरू झाली. मुंबईहून असं गोड होऊन येणारे नवरे मी ऐकले होते. गावात एक-दोन घरं तशी होतीच. तिकडे दुसरी ठेवलेली असते, म्हणून इकडे लुगडी येतात. मी ह्यांच्या सदऱ्याचा वास घेतला. कापराचा की कसल्या औषधाचा तरी वास आला. मला वाटलं, अत्तराचा वास घालवायला लावलं असणार. संशयाला काय, एकदा भूक लागली की तो दगडही खातो.

मी काकीला मागच्या अंगणात गाठलं. ती वालाच्या शेंगा निवडत बसली होती, पहिल्याच, कोवळ्या. मी म्हटलं, ‘काकी, हे माझे नव्हेत. काहीतरी बदललंय.’

‘ताऱ्यावरलं हाय का काय?’ काकी खिदळली.

‘चेष्टा नको. मुंबईला कुणीतरी आहे.’

काकीनं शेंगा खाली ठेवल्या. ‘बाई, तुमचा नवरा वरडत नाय, मारत नाय, लुगडं आनतो, खारट आमटी मुकाट गिळतो. बरा झाला ना? मग असंना का ताऱ्यावरला! माझ्यावाला बदलला तर मी नारळ फोडीन.’

‘पण मला माझाच हवाय.’ हे बोलले आणि एकदम रडूच आलं. मला तो आठ्या घालणारा, पेन्सिलीवरून भांडणारा माणूस हवा होता. त्याच्याशी लग्न केलं होतं मी. हा कोण पाहुणा पडवीत झोपतोय, गुपचूप कप विसळतोय, त्याचं मी काय करू? काकीनं माझ्या हातात मूठभर शेंगा दिल्या आणि आम्ही दोघी निवडत बसलो.

संध्याकाळी मी ह्यांना सरळच विचारलं. ‘कोण आहे मुंबईत?’ हे हसले. ‘कोण असणार? ढेकूण आहेत.’ आणि हसता हसता रुमाल तोंडाला लावून पडवीच्या टोकाला निघून गेले. मला वाटलं, हसू लपवतायत.

निघायचा दिवस गुरुवार होता. मालिकेचा शेवटचा भाग त्याच संध्याकाळी. ताऱ्यावरचे परत जाणार की इथेच राहणार, ह्यावर गावात पैजा लागल्या होत्या. मालिकेत सुमन नावाची एक बाई होती, तिचा नवरा बदललेला. तिला ते कळलेलं असतं, पण ती कुणाला सांगत नाही, कारण नवा नवरा तिला जपतो. ती आता काय करणार, ह्यासाठी कुडपणवरून बायकासुद्धा खाली येणार होत्या. बॅटरी नेमकी आदल्या दिवशी उतरली, म्हणून तात्या सकाळीच महाडला गेले होते.

दुपारी मी, कुंदा आणि हे स्टँडवर आलो. महाबळेश्वरहून घाट उतरून येणारी मुंबईची गाडी आली, तापलेल्या ब्रेकचा वास घेऊन. तेवढ्यात महाडकडून दुसरी गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून तात्या उतरले, बॅटरी तान्ह्या पोरासारखी पोटाशी धरून. मला बघून लांबूनच ओरडले, ‘बाई, भरून आनली! सांजच्याला या!’

ह्यांनी पिशवी घेतली. कुंदाकडे बघितलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मग गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाले,

‘बरंय. जातो.’

मी पुढे झाले आणि ह्यांच्या पिशवीचा बंद धरला.

‘काय म्हणालात?’

‘काही नाही. गाडी सुटतेय.’

‘जातो म्हणालात. येतो म्हणा.’

‘काय पोरकटपणा हा! लोक बघतायत.’

‘बघू देत. येतो म्हणा आणि खुशाल जा.’

कंडक्टरनं घंटी वाजवली. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. शाळेच्या बाई भर स्टँडवर नवऱ्याची पिशवी ओढतायत हे बघायला हॉटेलातली माणसं कपबशा घेऊन बाहेर आली. तात्या बॅटरी घेऊन तसेच जवळ आले आणि अगदी काकुळतीनं म्हणाले, ‘सायेब, म्हना की येतो. येक सबूद तर हाय.’

हे माझ्याकडे बघत राहिले. त्या मुक्कामात पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. कपाळाला आठी पडली, माझी ओळखीची आठी. आणि म्हणाले, ‘खोटं कसं बोलू?’

मी पिशवी ओढून घेतली. गाडी गेली. धुळीत आम्ही उभे होतो. कुंदा माझ्या पदराला धरून, आणि हे तिच्यापासून दोन हात लांब.

स्टँडमागच्या आंब्याखाली बसून ह्यांनी सगळं सांगितलं. छातीत डाग होता. थुंकीतून रक्त पडलं होतं. खोलीतले दोघे आधी तसेच आजारी पडले, इस्पितळात गेले आणि परतले नाहीत. ह्यांनाही खाट मिळाली होती. तिथे भरती व्हायचं आणि मला कळवायचंच नाही, असं ठरवून आले होते. कळलं तर मी नोकरी टाकून धावत येईन, पोरीला घेऊन त्या खोलीत राहीन, मग तिघांचंही तेच होईल. त्यापेक्षा चार दिवस नीट वागून, न भांडता, एकदा बघून जावं. म्हणून लुगडं. म्हणून खारट आमटी छान.

मी ऐकत होते. ऐकून झाल्यावर पहिलं काय विचारलं असेल? ‘म्हणजे दुसरी बाई नाही?’

हे आ वासून बघायला लागले. ‘तुला तसं वाटलं?’

‘मग काय वाटणार? ताऱ्यावरचेही वाटलात मधे.’

आणि मी हसायला लागले आणि हसता हसता गळा काढून रडले, आणि रडता रडता भांडले. मेल्या माणसा, ह्या रोगावर आता सुया निघाल्यात, गोळ्या निघाल्यात, माझ्या महाडच्या मावसभावाचा बरा झाला. शिकलेला माणूस ना तू? अरे-तुरेवर आले होते मी, भर रस्त्यात. हेही भांडले. तुला काय कळतंय, तू डॉक्टर आहेस का, वगैरे. फार बरं वाटलं. माझा माणूस परत आला होता.

त्या संध्याकाळी सगळा गाव पंचायतीकडे गेला. आम्ही दोघं पडवीत बसलो, हे एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, मधे खोकला. कुंदाला काकी बरोबर घेऊन गेली होती. लांबून रेडिओची खरखर ऐकू येत होती, शब्द नव्हते. मागच्या खाचरातून वालाचा वास येत होता. मी मालिकेचा एकही भाग चुकवला नव्हता. तेवढाच चुकला.

मालिका संपल्यावर तात्या घाईघाईनं आले. मी विचारलं, शेवट काय झाला? ते म्हणाले, ‘सगळे गेले परत. ताऱ्यावर.’ काकी मागून आली, झोपलेली कुंदा खांद्यावर. म्हणाली, ‘तात्यांना कुठं ऐकू आलंय? खरखर होती नुसती. एक राहिला. त्या सुमनचा नवरा.’

‘कसा राहिला?’ मी विचारलं.

‘बायकोनं जाऊ दिला नाय,’ काकी म्हणाली. आणि कुंदाला आत नेऊन निजवलं.

काकीनं तो शेवट वाटेवर चालता चालता बनवला असणार, असा संशय मला तिथल्या तिथेच आला. खरखरीत तिला तेवढं एकच वाक्य कसं बरं ऐकू आलं? पुढे मी पुष्कळांना विचारलं. प्रत्येकाचा शेवट वेगळा. खरा कोणता ते मला आजतागायत ठाऊक नाही. नातीला म्हटलं, तुझ्या त्या फोनमध्ये शोध. ती म्हणाली, आजी, असलं जुनं कुणी जपून ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही घाट चढून वरच्या थंड हवेच्या क्षयाच्या दवाखान्यात गेलो. फार दिवस लागले. सुया, गोळ्या, अंडी, दूध. मी रजा मिळेल तशी जायची आणि निघताना खाटेपासून लांब उभी राहून ‘येते’ म्हणायची. हेही म्हणायचे, ‘ये.’ पुढच्या वर्षी वालाला फुलं आली तेव्हा हे घाट उतरून आले ते कायमचे. महाडच्या बाजारात किराणा दुकानात हिशेब लिहायला लागले. कुंदाला पहिल्यांदा उचलून घेतलं तेव्हा ती वजनानं वाढली होती. ह्यांना दम लागला. तरी खाली ठेवलं नाही.

आणि त्या दिवसापासून ह्या माणसानं जन्मात कधी ‘जातो’ म्हटलं नाही. बाजारात जाताना येतो. न्हाव्याकडे जाताना येतो. परसाकडे जातानासुद्धा उंबऱ्यात थांबून, माझ्याकडे बघून, मुद्दाम मोठ्यानं, ‘येतो हं!’ मी चिडायची. म्हणजे चिडल्यासारखं करायची. आणि आमटी खारट झाली की ताट सरकवून म्हणायचे, ‘समुद्र उकळलायस का?’ मला किती हायसं वाटायचं, ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मागे एका हिवाळ्यात ह्यांना दवाखान्यात न्यायला दारात गाडी आली. म्हातारपणच होतं, दुसरं काही नाही. उचलून नेत होते. उंबऱ्याशी आल्यावर ह्यांनी हात वर करून त्या पोरांना थांबवलं. मान वळवायला वेळ लागला. मी भिंतीला टेकून उभी होते. मला वाटलं, पाणी मागतायत. म्हणाले, ‘येतो गं.’

त्या दिवशी स्टँडवर मी पिशवी ओढून, जोर करून मागितला तरी दिला नव्हता तो शब्द. खोटं कसं बोलू म्हणाला होता हा माणूस. यावेळी कुणी मागितलाही नव्हता, आणि हा माणूस दवाखान्यातून परतला नाही.

आता खाचरात वाल फुललाय. मी दिवसा पुढच्या दाराला कडी घालत नाही. नुसतं लोटून घेते.